मामलेदार

उद्यमबागेत, आमच्या फाउंड्रीच्या मागच्या अंगाला,
लाकडी पॅटर्नच्या खोलीशेजारी तो राहायचा.
आम्ही त्याला मामलेदार म्हणायचो,
कारण सगळ्यांचे अर्ज त्याच्याकडे,
आणि तो एक, आम्ही सात.

डिस्पॅचची शिवलीला विचारायची, मी विचारायचे,
गेटवरचा वजनकाटासुद्धा विचारायचा,
आणि तो आत, एसीच्या गारव्यात एकटा बसून
एकेकाला उत्तर धाडायचा.
मार्चअखेरीला त्याला धाप लागायची.
पडद्यावर वाळूचं घड्याळ फिरत राही
आणि मोल्डिंगची वाळूसुद्धा याहून लवकर वाळते
असं कुणीतरी म्हणे.

मग लुमाण्णा उठायचा.
करगोट्याची चावी सोडवून आत जायचा,
त्याच्या पाठीवर तळवा ठेवायचा.
भट्टीतला रस रंगावरून ओळखणारा माणूस,
ह्याचा ताप हातानं ओळखायचा.
"दमलाय गा तो. पाच मिनटं सोडा त्याला."

आता तो नाही.
कॅम्पातला फैजल मुल्ला लॅपटॉप घेऊन दोन रात्री बसला
आणि अकरा वर्षांची बिलं, मापं, हीट नंबर
तारेवरून वर चढवले.
"वर म्हणजे कुठं?"
"क्लाउडमध्ये, चाचा."
लुमाण्णानं खिडकीतून बघितलं.
चोर्ल्याच्या बाजूला होते दोन-चार, पांढरे, रिकामे.
"ते नव्हेत," फैजल म्हणाला.

"तुमचं टर्निंगचं काम नाही का, अनगोळच्या शेडात
दुसऱ्याच्या लेथवर करून घेता?
लेथ कुणाचं, कुठल्या कोपऱ्यातलं, कोण बघतंय?
तासाचे पैसे देता, नग मोजून आणता.
तसंच हे. मार्चला दहा मशिनं लागली, दहा घ्या.
एप्रिलला परत करा."

जॉबवर्क, म्हणजे.
एवढं लुमाण्णाला पटलं.
पण तासाभरानं तो परत आला, हात पुसत:
"तरी आमचा कागद आत्ता हाय कुठल्या गावाला?"
"एक प्रत मुंबईला, एक हैदराबादेला.
इकडचं पडलं तर तिकडचं उभं राहतं."
"म्हणजे दोन्हीकडे?"
"दोन्हीकडे. एकाच वेळी."

"आमच्या घरी तसंच हाय की," लुमाण्णा म्हणाला,
"उतारा कन्नडात, लग्नपत्रिका मराठीत.
फक्त पडल्यावर कुठलं उभं राहतं
ते अजून कुणी सांगितलं नाही."
शिवलीला फिसकन हसली.
मग कुणीच बोललं नाही,
कोअर शॉपचा पंखा तेवढा चालू होता.

परवा तिसऱ्या गेटाजवळ जेसीबीनं केबल तोडली.
वीज होती, पडदे उजळ होते,
दारात ट्रक, ड्रायव्हर घटप्रभेचा, घाईतला,
आणि चलन निघेना.
पूर्वी मामलेदार मेलाय एवढं तरी कळायचं,
उठून त्याच्या दाराशी जाता यायचं.
आता कुणीच मेलं नव्हतं.
सगळं कुठेतरी धडधाकट, उत्तराला तयार,
आमचा प्रश्नच रस्त्यातल्या खड्ड्यात पडलेला.
मी कार्बन शोधला, हातानं लिहिलं.
माझं अक्षर मलाच ओळखू येईना.

मामलेदाराच्या खोलीत आता पॅटर्न रचलेत,
पंपांची, गिअरबॉक्सची लाकडी पोटं.
एसीच्या भोकात चिमणीनं काड्या आणल्यात.
चावी मात्र अजून करगोट्याला.

वरचं बिल महिन्याला येतं, तासांचं, मिनिटांचं.
त्यात खाली एक ओळ असते: एकोणचाळीस रुपये,
कसलीशी जागा, घेतलेली, न वापरलेली.
फैजल म्हणाला, चाचणीला घेतली असेल, राहून गेली,
काढून टाकतो.
लुमाण्णा चहा फुंकत होता.
"रिकामी खोली हाय म्हण की."
"तसंच समजा."
"असू दे गा मग. लागली कुणाला तर."